टिटवी : कामाच्या नोंदी

२० एप्रिल

भाचीच्या चित्रकथेतलं कोल्हापूर अजून साठेक वर्षांनंतरचं आहे. रस्ते तेच, बोळ तेच, फक्त रिक्षांना चाकं नाहीत. गाडीचं नाव तिने ‘टिटवी’ ठेवलंय. दोन माणसांची, रिक्षाएवढी, जमिनीपासून हात-दीड हात वर तरंगणारी, आणि मनात आलं तर कौलांवरून पलीकडच्या गल्लीत जाणारी. चित्रात खाली चार गोल चकत्या आणि निळा उजेड. “मावशी, ही कशी चालते ते तू सांग. चुका काढत बसू नको, चालवून दे.”

आमच्या शेडमध्ये फाउंड्र्यांच्या, लोखंड वितळवणाऱ्या कपोला भट्ट्यांचे ब्लोअर बनतात आणि दुरुस्तीला येतात. हवा ढकलणं हाच धंदा, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं.

अटी ठरल्या. जे तंत्र आज कुठेतरी उडतंय किंवा एकदा उडून गेलंय तेवढंच वापरायचं. कथेसाठी एक खोटं माफ, पण एकच, आणि ते कुठे घालायचं हे हिशेब झाल्यावर ठरेल. तिला ते बॅटरीत घालायचंय. बघू.

धरलेली मापं : माणसांसकट वजन ५०० किलो. लांबी २.६ मीटर, रुंदी १.३. हवेची घनता घनमीटरला १.१ किलो. समुद्रकाठी १.२२५ धरतात, पण आपण साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहोत आणि वर उन्हाळा. पातळ हवेत पंख्याला जास्त राबावं लागतं.

२२ एप्रिल

चार चकत्या म्हणजे नळकांड्यातले चार पंखे असं धरलं. चित्र मोजलं तर प्रत्येकी ६० सेंटिमीटर व्यास. चारींचं मिळून क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर.

हवेत एका जागी थांबायचं तर दर सेकंदाला ठरावीक हवा ठरावीक वेगाने खाली फेकावी लागते. हेलिकॉप्टर असो, ड्रोन असो, सरळ वर उठणारं हॅरिअर लढाऊ विमान असो, सूत्र एकच. वजन ठरलेलं असेल तर हवा जास्त घेऊन हळू फेका किंवा थोडी घेऊन जोरात फेका. वजन दोन्हीकडे तेवढंच उचललं जातं, पण जोरात फेकण्याला ताकद जास्त लागते. पंख्याचं क्षेत्रफळ चौपट केलं की ताकद निम्म्यावर येते.

टिटवीसाठी : हवा सेकंदाला ६३ मीटरने खाली, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. कागदावरची ताकद १५४ किलोवॅट. पंखा, मोटर, नळकांडं यांचा तोटा धरून २२० किलोवॅट, म्हणजे जवळजवळ ३०० अश्वशक्ती. हे नुसतं उभं राहायला. अजून गाडी गंगावेशीतून हललेली नाही.

ताळा म्हणून रॉबिन्सन आर-२२ हे दोन माणसांचं छोटं हेलिकॉप्टर घेतलं. भरलेलं वजन ६२२ किलो, म्हणजे आपल्यापेक्षा जड. पण पात्यांचा व्यास ७.६७ मीटर, त्यामुळे इंजिन १२४ अश्वशक्तीत भागतं. मिस्त्रींना आकडे दाखवले. म्हणाले, “ताई, मग पंखा मोठा करा की. इंजिनाला कशाला बडवायचं?”

त्यांनी एका वाक्यात उरकलं. भाचीला मात्र मोठा पंखा दिसायला आवडत नाही.

२५ एप्रिल

आज फक्त खालच्या वाऱ्याचा हिशेब, कारण चित्रात तोच नाही.

ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा झोत जिथे आदळेल तिथे दाब पडतो चौरस मीटरला साधारण २२० किलो. भाचीच्या चौथ्या पानावर टिटवी महाद्वार रोडवर बांगड्यांच्या गाड्यापाशी थांबते आणि आजी हात वर करून तिला बोलावते. या आकड्यांनी बांगड्या, गाडा आणि आजी, तिन्ही पानाबाहेर जातात. कौलांवरून उडाली तर मागे कौलं राहणार नाहीत.

बॅटरी कितीही जादूची घेतली तरी या वाऱ्यात काही फरक पडत नाही. तो ताकद कुठून येते यावर नसून वजन आणि क्षेत्रफळ यांच्यावर आहे. म्हणून खोटं बॅटरीत घालायला माझा विरोध. माफी तिथे उडवली तर तीनशे अश्वशक्ती फुकट मिळेल, आजी वाचणार नाही.

चित्रपटांतल्या तरंगत्या गाड्या बघताना मला हल्ली एवढंच दिसतं : खाली कुणाचा पदरसुद्धा हलत नाही.

२७ एप्रिल

चहाच्या टपरीवर विषय निघाला आणि सूचना आल्या.

चुंबक : रूळ लागतात. महाद्वार रोडला रूळ टाकायचे तर खोदाईची परवानगी आधी काढा. बाद.

निळा उजेड : याला थोडा आधार आहे. विजेच्या जोरावर हवेचे कण ढकलून, एकही फिरता भाग नसलेलं विमान अमेरिकेतल्या एमआयटीने २०१८ मध्ये उडवलं. पंखांचा विस्तार ५ मीटर, वजन २.४५ किलो, विजेचा दाब ४० हजार व्होल्ट, उड्डाण ६० मीटर. पाच मीटर पंखांवर अडीच किलो, तेही पुढे सरकत असताना. आपले पाचशे किलो तर नुसते उभे राहणार आहेत. भाचीला सांगितलं, निळं पाहिजे तर एलईडीची पट्टी लाव. ती रुसली, पण पट्टी लावली.

पारा : एका गृहस्थांनी ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ सुरू केलं आणि वैमानिक शास्त्र काढलं, पाऱ्यावर उडणाऱ्या प्राचीन विमानांचा म्हणून सांगतात तो ग्रंथ. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये त्यातली यानं तपासली. ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यातलं एकही यान उडू शकत नाही असा निष्कर्ष काढला. एवढं सांगितलं. गृहस्थांनी चहाचे पैसे मात्र माझेही दिले.

१ मे

शेड बंद. निवांत बसून दुसऱ्या बाजूने हिशेब केला : हात-दीड हात वर राहायचं असेल तर उडायचंच कशाला?

ख्रिस्तोफर कॉकरेल या इंग्रज इंजिनिअरने पन्नासच्या दशकात कॉफीच्या डब्यात मांजराच्या खाण्याचा डबा बसवला, दोघांमधल्या फटीतून ब्लोअरची हवा सोडली आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर तिचा रेटा मोजला. कडेने गोल पडदा करून सोडलेली हवा आतल्या हवेला कोंडून धरते आणि त्याच ब्लोअरमध्ये जास्त वजन पेलते. त्यातून झालेलं एसआर-एन१ हे यान २५ जुलै १९५९ ला इंग्लिश खाडी पार करून गेलं. हॉवरक्राफ्ट म्हणतात ते हेच. आपल्या तटरक्षक दलाकडेही आहेत.

त्याच वर्षी कॅनडात अॅव्रो कंपनीची बशी जमिनीवरून उठली. नाव अॅव्रोकार, व्यास साडेपाच मीटर, पैसा अमेरिकन लष्कराचा. तीन जेट इंजिनांचा धूर मधला मोठा पंखा फिरवायचा आणि हवा कडेने खाली निघायची. ती आधी कोंडलेल्या हवेच्या गादीवर तरंगणार, मग वेग घेऊन आकाशात जाणार असा बेत होता. तीनेक फुटांच्या वर गेली की ती डोलायला लागायची, वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे सरकला नाही, आणि १९६१ च्या अखेरीस काम गुंडाळलं. भाचीची टिटवी हुबेहूब हीच बशी आहे. हे तिला सांगितल्यावर ती खूश झाली, मला वाटलं होतं त्याच्या उलट.

आता गादीचा हिशेब. रिक्षाएवढ्या तळाखाली कोंडलेल्या हवेने ५०० किलो पेलायचे तर दाब लागतो १४८ मिलिमीटर उंच पाण्याच्या थराएवढा, म्हणजे सहा इंचाच्या आत. कपोलाचा ब्लोअर याच्या कितीतरी पट दाब देतो. दाब ही अडचणच नाही, गळती आहे. कडेने फट जेवढी, तेवढी हवा निसटते आणि तेवढी भरत राहावी लागते. तोट्यासकट :

फट १ सेंटिमीटर — ८ अश्वशक्ती.
फट १० सेंटिमीटर — ७८.
फट ३० सेंटिमीटर — २३० च्या पुढे.

आठ! पंख्यांना तीनशे लागत होते. आणि शेवटची ओळ बघा : हातभर वर जायचं म्हटलं की गादीचा सगळा फायदा संपतो, परत त्याच पंख्यांच्या पंक्तीत. (कॉकरेलसारखा कडेचा पडदा केला तर आकडा उतरतो, पण कल तोच.)

उंच दिसायचं आणि फट मात्र सेंटिमीटरचीच ठेवायची, यावर जगाने काढलेला तोडगा म्हणजे स्कर्ट. तळाला लवचिक कापडाचा घेर. गाडी फूटभर वर, घेर जमिनीला टेकत-न टेकत. एसआर-एन१ ला सुरुवातीला तो नव्हता, नंतर आला आणि तेव्हा कुठे ही यानं कामाची झाली.

६ मे

मॉडेल. १२ मिलिमीटर प्लायची ६० सेंटिमीटर व्यासाची चकती, मध्ये भोक, भोकाला पाइप, पाइपाला लोहाराच्या भट्टीचा अर्ध्या अश्वशक्तीचा ब्लोअर. ब्लोअर जमिनीवरच ठेवला, नाहीतर त्याचंच वजन उचलत बसलो असतो. दाब बघायला पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग घातलेलं पाणी. घेर जुन्या रेनकोटच्या कापडाचा, सीट कव्हर शिवणाऱ्याकडून गोल शिवून आणला. मिस्त्री त्याला घागराच म्हणतात.

आधी बिनघागऱ्याचं. विटा ठेवून फळीसकट १८ किलो केले. ब्लोअर चालू केल्यावर फळी उचलली गेली हे डोळ्यांना कळतसुद्धा नाही. कडेखाली ड्रिलचे दांडे सरकवून पाहिले : ५ मिलिमीटरचा गेला, ६ चा अडकला. फरशीच्या सांध्यावर आली की मात्र सांध्यातून हवा शिट्टी मारत निघते आणि ती बाजू बसते.

मग घागरा बांधून. कापड आधी फडफडलं, मग फुगून ताठ झालं आणि फळी चार बोटं वर आली. तेवढ्याच विटा, तोच ब्लोअर. नळीतल्या दोन पातळ्यांमधला फरक ६७ मिलिमीटर. हिशेबाने ६४ यायला हवा होता. घेराची खालची कड आत वळते, त्यामुळे हवेला टेकायला जागा जरा कमी मिळते. व्यास ५८-५९ सेंटिमीटर धरला की आकडा बसतो.

अठरा किलोची फळी करंगळीने ढकलली तर शेडच्या त्या टोकाला जाऊन भिंतीवर आपटली. तिथेच पुढच्या कामाची यादी तयार झाली.

९ मे

डोलणं. एक वीट मधून कडेला सरकवली की ती बाजू खाली जाते, समोरची उचलते, उचललेल्या बाजूने हवा सुटते, आत दाब कमी होतो, सगळंच बसतं, पुन्हा फुगतं. फरशीवर पडलेली स्टीलची थाळी थांबता थांबता कशी कडेकडेने फिरत खडखडते, अगदी तसं. अॅव्रोकारला हाच रोग होता.

उपाय खालच्या जागेचे कप्पे करणं. मध्ये कापडाचे दोन पडदे आडवे-उभे घातले, चार खोल्या झाल्या. आता एक बाजू दबली की त्या खोलीतली गळती कमी होते, दाब वाढतो आणि ती बाजू स्वतःच वर ढकलली जाते. वीट कडेला नेली तरी फळी जरा कलून तशीच राहते. मोठ्या हॉवरक्राफ्टमध्येही घेराचे असे भाग पाडलेले असतात, वर कडेला कापडाची सुटी बोटं लावतात. दगड लागला तर एक बोट दुमडतं, बाकीची हवा धरून ठेवतात. आमच्या रेनकोटला ती चैन परवडणारी नाही.

हवेत उंच गेल्यावर मात्र ही गादीची मदत संपते. तिथे हॅरिअरने केलं तसं करावं लागतं : नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना इंजिनातून घेतलेल्या हवेच्या छोट्या पिचकाऱ्या. ड्रोनमध्ये पिचकाऱ्याही नसतात, संगणक प्रत्येक पंख्याचा वेग क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. टिटवीला दुसरा मार्ग सोपा.

१४ मे

वळण आणि ब्रेक. माझ्या मते तरंगत्या गाडीची खरी गंमत इथे आहे, उडण्यात नाही.

जमिनीला काहीच टेकत नाही, म्हणून पकड नाही. मागे ढकलणारा पंखा ५० किलोचा रेटा देतो असं धरलं. ताशी ४० वरून उलटा रेटा देऊन थांबायला ६० मीटरच्या वर लागतात. मोटारसायकल कोरड्या रस्त्यावर दहाएक मीटरमध्ये थांबते. बिंदू चौकात थांबायचं असेल तर बरंच आधी ठरवायला हवं.

वळण : तेवढाच रेटा आडवा दिला तर ताशी २० ला वळायला ३० मीटर त्रिज्या लागते. पापाच्या तिकटीला तेवढी जागा कुणी ठेवलेली नाही. ताशी ५ वर आणलं तर दोन मीटरमध्ये वळते, म्हणजे माणसाच्या चालीने. आडवा वारा ताशी ३० चा आला की बाजूने १५ किलोचा ढकल बसतो. पन्हाळ्याच्या रस्त्याला बारास एक चढ धरला तर गाडी नुसती जागेवर ठेवायलाच चाळीसेक किलोचा रेटा सतत लागेल, आणि रस्ता एका बाजूला उतरता असेल तर ती तिकडे घसरत राहणार.

भाचीने सायकलस्वारासारखा बाक घेऊन वळणारा नायक काढला होता. दिसायला झकास, पण कलल्यावर ज्या टायरने पकडायचं तो टायर कुठाय?

मधला मार्ग म्हणून तळाशी दोन रबरी चाकं. वजनाचा दहावा हिस्सा फक्त त्यांच्यावर, बाकी हवेवर. एवढ्यानेही आडवी पकड बरीच मिळते. अडीअडचणीला गादीची हवाच सोडून द्यायची, गाडी तळाला लावलेल्या पट्ट्यांवर बसते आणि घासत थांबते. खऱ्या हॉवरक्राफ्टचे चालकही वेळ आली तर तेच करतात. “मग ती रिक्षाच झाली की!” भाची. झाली तर झाली.

१९ मे

ताकदीची गोळाबेरीज. गादीला ८ अश्वशक्ती, ढकलायला तोट्यासकट १४ किलोवॅट, मिळून २० किलोवॅट. अर्धा तास चालवायला १० युनिट. आजची लिथियम बॅटरी खोक्यासकट किलोला १८० वॅट-तास देते असं धरलं तर ५६ किलो. दोन माणसं मिळून उचलतील एवढीच.

म्हणजे गादीवरच्या टिटवीला खोटं लागलंच नाही. माफी शिल्लक.

(त्या चार छोट्या पंख्यांना पाव तासासाठी तीनशे किलो बॅटरी लागत होती, पाचशे किलोच्या गाडीत.)

२५ मे

कथा बदलली. भाचीने स्वतःच बदलली, मी फक्त नदीचा विषय काढला.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, महामार्ग शिरोलीजवळ बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात. अशा पाण्यात बोटीचा पंखा उसात, कुंपणाच्या तारेत, वाहून आलेल्या कापडात अडकतो. टिटवीचं पाण्याखाली काहीच नाही. पाणी, चिखल, बुडालेला ऊस, रस्ता, सगळं तिला सारखंच. फक्त पाण्यावर सुरुवातीला कुबड ओलांडावं लागतं : गादीच्या दाबाने खाली १४८ मिलिमीटरचा खड्डा पडतो, पुढे लाट उभी राहते आणि ताशी दहाच्या आसपास ती लाटच अडवते. ती पार केली की गाडी मोकळी. कमी रेट्याचा पंखा असेल तर आयुष्यभर त्या लाटेमागेच रांगणार.

कथेचा मोठा प्रसंग आता : चिखलीत माडीच्या गच्चीवर अडकलेली आजी (बांगड्यावालीच, तिला वाचवायचं ठरलंय). गच्चीपर्यंत गादी जात नाही. तिथे पंखे हवेतच. म्हणून टिटवीच्या चार कोपऱ्यांतून चार हात उघडतात, प्रत्येकावर दोन मीटर व्यासाचा पंखा. हिशेब : एकूण १२.६ चौरस मीटर, वारा ताशी ६८ किलोमीटर, ताकद तोट्यासकट ६६ किलोवॅट. दाब चौरस मीटरला २० किलो. छत्री उलटी होईल, आजी बसून राहील. तीन मिनिटांच्या उडीला सव्वातीन युनिट, म्हणजे १८ किलो बॅटरी जास्त.

इथेही बॅटरी खरीच निघाली. मग खोटं कुठे? बिजागरीत. दोन-दोन मीटरचे चार पंखे रिक्षाएवढ्या अंगात घडी होऊन बसतात, वजन वाढवत नाहीत आणि उघडल्यावर लटपटत नाहीत, हे आज कुणालाच जमलेलं नाही. मिस्त्रींना कागदावर काढून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, “ही बिजागरी कुठं मिळाली तर मलाबी एक आणा.” शिवाय चारातला एक पंखा बंद पडला तर गाडी उलटते, म्हणून प्रत्येक हातावर वर-खाली दोन पंखे करायला सांगितलेत. ते खोट्यात धरत नाही, तसं खरंच करतात.

माफी बिजागरीवर खर्च. वहीत तारीख टाकून दोघींनी सही केली.

२ जून

नवी पानं आली. गच्चीच्या पानावर वारा आहे : वाळत घातलेलं धोतर आडवं, टाकीचं झाकण उडालेलं, खालचं पाणी कड्या-कड्यांनी चुरगळलेलं, आजीने डोक्यावरून पदर दातात धरलेला. निळी पट्टी एका कोपऱ्यात आहे, राहू दे.

बाकी : पान ७ वर टिटवी रंकाळ्यावरून सुसाट येऊन थेट स्टँडच्या दारात थांबते. त्या आधीच्या ६० मीटरांसाठी एक चौकट वाढवावी लागेल, नाहीतर हवा सोडून पट्ट्यांवर घासत येताना दाखव असं सुचवलंय. तिने ठिणग्या उडतील का विचारलं. पट्ट्या लोखंडाच्या धरल्या तर उडतील. पट्ट्या लोखंडाच्याच धरल्या.

ब्लोअर लोहाराला परत दिला. रेनकोटचा घागरा शेडमध्ये टांगलाय, पावसाचे चार दिवस लागले की मिस्त्री मागणार आहेत.